पूर्ण जुळलं

रुमानाच्या अब्बांना अस्माचा सलाम,

फोनवर मी म्हटलं की धाकटीचा बोनमॅरो रुमानाशी पूर्ण जुळतो. ते खरंच आहे. तुम्ही कुवेतमध्ये खजूर वाटले, तुमच्या अम्मींनी मोहल्ल्यात जर्द्याचा गोड भात वाटला. पुढचं सांगायच्या आधी मी फोन रुमानाच्या हातात दिला.

धाकटीलाही थॅलेसेमिया मेजर आहे. रुमानाला आहे तोच. ज्या बोनमॅरोसाठी आपण तिला जन्म दिला, तो रुमानाला देता येणार नाही, आणि तिलाही आता दर महिन्याला रक्त चढवावं लागेल. पोटात असतानाच तपासून घ्या, असं डॉक्टर म्हणाले होते. अम्मी म्हणाल्या, अल्लाहने दिलेल्या जिवाची कसली तपासणी. मी गप्प बसले. तुम्हीही.

रिपोर्ट हातात आला त्या दिवशी मला रडू आलं नाही. पनवेल स्टँडवरून रिक्षा केली, वाटेत दूध घेतलं, घरी येऊन भात लावला. रुमाना धाकटीचा तळवा आपल्या तळव्याला लावून बघत होती. म्हणाली, "अम्मी, ही पण माझ्यासारखीच पांढरी." मी कुकर बंद केला.

मंगळवारी रुमानाला रक्त चढवायचंय. नर्सने फोन करून विचारलं, खाट नेहमीसारखी एकच ठेवायची ना?

एकच ठेवा, म्हटलं. दोघी मावतील.

तुमची,
अस्मा