लाल लिलीची कुंडी आणि दुकानामागच्या दोन खोल्या

मी, खाली सही करणारा, धंद्याने मोटार वाइंडिंगचा कारागीर, वय बाहत्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणी पढवले नसताना लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी खाली तसे लिहून दिले आहे. माझे कानही शाबूत आहेत. हे मात्र मीच सांगतो, कारण घरात त्याबद्दल वेगळी समजूत आहे.

ती समजूत मेहुण्यामुळे झाली. त्याने एकदा जेवताना आपल्या नव्या धंद्यात मला भागीदार व्हायला सुचवले. मी म्हणालो, "काय?" त्याने पुन्हा विचारले. मी पुन्हा, "काय?" तिसऱ्या वेळी तो आपल्या बहिणीला, म्हणजे माझ्या बायकोला, म्हणाला, "ताई, यांचे कान गेले गं," आणि वरणभाताकडे वळला. औषध लागू पडले. तेव्हापासून मी सोयीने बहिरा आहे. स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून मोटारीचे कोणते बेअरिंग खराब झाले आहे ते सांगणारा माणूस असा एकाएकी बहिरा कसा झाला, हे कोणी विचारले नाही.

कलम १. मुलाने मला आणलेले कानाचे मशीन, न उघडलेल्या खोक्यासह, मेहुण्याला द्यावे. त्याने आयुष्यात कोणाचे ऐकले नाही. निदान आता प्रयत्न करावा.

कलम २. दुकान, हत्यारे, वार्निश वाळवायची भट्टी आणि दुकानाचे नाव मिस्त्रीला. मी तारेची भेंडोळी खांद्यावरून वाहत होतो तेव्हापासून तो माझ्याबरोबर आहे. मोजमाप चुकले तर माझ्या तोंडावर सांगणारा तो एकटाच. माझा स्क्रूड्रायव्हर मात्र त्याने वापरू नये, त्याची मूठ माझ्या कानाच्या मापाने झिजली आहे.

कलम ३. गच्चीचे मोठे घर मुलाला आणि सुनेला, दोघांच्या नावे, सारख्या हक्काने. मुलाला याचे नवल वाटेल. चिरंजीव, तू गच्चीवर फोनवर कोणाला तरी सांगत होतास, "दुकान आणि मागच्या खोल्या एकदम विकून टाकू. बाबांना काय विचारायचं? त्यांना अर्धं ऐकू येत नाही नि अर्धं कळत नाही." मी चार हातांवर पेपर वाचत बसलो होतो. दोन्ही अर्धी चुकली, बाळा. आणि तू फोन ठेवल्यावर सूनबाई म्हणाली, "त्यांना ऐकू येत नसेल. पण ते बसलेत ना समोर? जरा तरी लाज वाटू दे." म्हणून दोघांच्या नावे.

कलम ४. आता दुकानामागच्या दोन खोल्या आणि कुंडी.

लग्नानंतर आम्ही त्या दोन खोल्यांत राहिलो. मुलगा तिथेच रांगला. बायकोने माहेराहून एक कंद आणला होता, लाल लिलीचा. दिसायला थोराड कांदा. तिने तो अंगाबरोबर बसेल अशा लहानशा कुंडीत, खांदे मातीबाहेर ठेवून लावला. दरवर्षी पाने पिवळी पडली की ती पाणी तोडायची आणि कुंडी आडवी करून भट्टीशेजारी ठेवायची. मी म्हणायचो, "मेला असेल तो." ती म्हणायची, "झोपलाय. मोटार बंद आहे म्हणजे जळाली असं असतं का?" मग एक दिवस पाण्याचा घोट द्यायची आणि नुसता दांडा यायचा, पोकळ, नळीसारखा. टोकाला चार लाल भोंगे. गिऱ्हाइके मोटार विसरून तेच बघत उभी राहायची.

मग मी घर बांधले. तिच्यासाठी बांधले, असे मी सगळ्यांना सांगितले. गच्चीवर कंदाला टोपलीएवढी कुंडी दिली, खत दिले आणि माझे डोके चालवून टायमरचा पंप बसवला. रोज सकाळी आपोआप पाणी. तिला वाकायला नको. तिने "कशाला?" इतकेच विचारले होते. मी पंपाचा आवाज किती कमी आहे ते सांगत बसलो.

त्यानंतर लिलीला फूल आले नाही. पाने मात्र तलवारीसारखी, बारमाही हिरवी.

ती रोज सकाळी त्या कुंडीशी बोलते. मी पलीकडे पेपर घेऊन असतो, आणि मला ऐकू येत नाही ना. एकदा म्हणाली, "तुझं पाणी थांबत नाही नि माझा आराम. दोघी नुसत्या पाल्यावर आलो बघ." एकदा म्हणाली, "जाऊ गं आपण परत. त्यांना विचारीन एकदा." तिने विचारले नाही. बहिऱ्याला ओरडून विचारण्यासारखी ती गोष्ट नव्हती. मला उत्तर द्यायचे तर ऐकू येते हे कबूल करायला हवे होते, आणि घर चुकले हेही. पहिले सोपे होते. मी पान उलटले. किती सकाळी उलटले, ते सांगण्यात अर्थ नाही.

तेव्हा त्या दोन खोल्या माझ्या बायकोच्या, तिच्या एकटीच्या. त्या कोणी विकू नयेत. कुंडी तिचीच होती, ती मी काय देणार? कंदाच्या बाजूला आलेले पिल्लू तिने मनात आले तर सूनबाईला द्यावे. पंप भंगारात.

इथे मृत्युपत्र संपत होते. काल मिस्त्रीला साक्षीसाठी वाचायला दिले. त्याने चष्मा पुसून दोनदा वाचले.

"मालक, हे वहिनींना कधी कळणार?"

"मी मेल्यावर. मृत्युपत्र आहे हे."

"आणि त्या तुमच्या आधी गेल्या तर?"

मी म्हणालो, "काय?"

"मालक, माझ्यापुढं नाही हं चालायचं ते."

म्हणून कलम ५. वरचे कलम ४ माझ्या मृत्यूची वाट न पाहता आजच अमलात यावे. खोल्यांची किल्ली खिशात घेतली आहे. पंपाची वायर आज सकाळीच काढली. उद्या ती कुंडीपाशी बोलू लागली की मी पेपर खाली ठेवीन. ती काय म्हणेल ते मला माहीत नाही. बराच उशीर झाला आहे, फूल येईलच असेही नाही.

हे सर्व वाचून, समजून सही करतो.

ठिकाण: दुकान, वाइंडिंगचे टेबल. दिनांक: ४ नोव्हेंबर.

(सही) मृत्युपत्र करणार

साक्षीदार पहिला, डॉक्टर: सही माझ्यासमोर झाली. प्रकृती व बुद्धी उत्तम. श्रवणशक्तीबद्दल माझी आजवर फसवणूक झाली. (सही)

साक्षीदार दुसरा, मिस्त्री: सही माझ्यासमोर झाली. भट्टीशेजारची जागा झाडून ठेवली आहे. (सही)