कुंकवाचं बोट

अहो, ऐकलंत का,

आज दसरा. उत्तराने मला इथे ओमानात, सोहारला तिच्या वर्कशॉपात नेलं. नातीची इंजिनीअरकी बघायची म्हणून मी हिरवी पैठणी नेसले, ते राहू दे. तिथे तुमच्या भोसरीच्या कारखान्यात होती तशीच पत्रा दाबायची प्रेस! मला दाखवायला चालू ठेवलेली. मी साच्यातून करंज्या काढाव्यात तशी पत्र्याची झाकणं काढत होती. मला कुठलं भान, दसऱ्याचं कुंकू लावायला बोट पुढे केलं की!

आणि ती थांबली. वरच्या वर, जागच्या जागी. उत्तरा म्हणाली, "आजी, समोर न दिसणारा उजेडाचा पडदा असतो. हात आला की मशीन बंद."

ओमानी साहेब धावत आला. म्हटलं, आता ओरडा खाते. तर मला खुर्ची दिली आणि पोरांवरच उखडला, "अम्मा इथवर पोचल्याच कशा? यल्ला, चला लवकर, कठडा लावा!"

मी विचारलं, "मग आजोबांची बोटं गेली तेव्हा गं?"

"तिथे साधी जाळीसुद्धा नव्हती, आजी. ती बसवणं मालकाचं काम. भरपाई आजोबांचा हक्क होता. चूक त्यांची नव्हतीच."

भोसरीत सगळे म्हणाले, हात घातलासच का. तेव्हापासून फोटोतसुद्धा तुमचा तो हात खिशात.

मशीनचं नाव काढलं की तुम्ही फोन ठेवता, म्हणून हे पोस्टात टाकत नाही. घरी आल्यावर तोच हात धरून वाचून दाखवीन. मी वाचताना अडखळते, तेवढा वेळ सोडवून घेऊ नका.

तुमची,
प्रमिला