निळ्या पिंपाची कप्पी

आचरा,
१२ नोव्हेंबर २०२४

चि. गौरजा, तुला भाई आजोबांचा आशीर्वाद. आम्ही बरे आहोत. गाय आटली. तुझ्या आईची पाठ बरी आहे. फोन केला असता, पण तुझी आजी यशोदा मोबाइल मोठ्या आवाजावर लावते, साऱ्या घराला ऐकू जातं.

सोबत प्लास्टिकचा तुकडा आहे. तुझ्या प्रयोगशाळेतल्या मशीनवर तो ओढून आणि तापवून बघ. घाई नाही.

घाई आहे. खरं लिहितो. गणपतीत तू सांगत होतीस, दोन प्लास्टिकं मिसळली तर एकाचा चिवटपणा आणि दुसऱ्याचा कडकपणा मिळतो. तेवढंच ऐकून मी गाईला पाणी द्यायला उठलो. पुढे तू काही म्हणालीस काय?

होडीवर जाळं ओढायची कप्पी तडकली होती. समुद्रावर जाणं सुटल्यापासून माझा कोणाला काही उपयोग नाही. मी प्लास्टिकचं निळं पिंप आणि जुना प्लास्टिकचा दोरखंड चुलीवर एकत्र वितळवून तो रस ओल्या वाळूच्या साच्यात ओतला. कप्पी झाली छान. तुझ्या बाबाला, जितेंद्रला, सांगितलं, मालवणच्या दुकानातली आहे. नाहीतर तो म्हणतो, "इलो भाईंचो कारखानो!"

उरलेला गोळा विहिरीच्या कठड्यावर उन्हात होता, वर दगड. काल बघितलं तर दबून वाकडा झालेला. ओढला तर कांद्यासारखे पापुद्रे सुटले. जाळं भरलं की त्या कप्पीवर केवढा ताण येतो! ती तुटली तर दोर जितेंद्रच्या तोंडावर येईल. रात्रभर डोळा लागला नाही.

दुपार.

पत्र अर्धं टाकून बंदरावर गेलो. जितेंद्र डिझेल भरत होता. म्हटलं, "ती कप्पी काढ. मी केलेली आसा."

तो हसला. "भाई, ता माका पयल्याच दिवशी कळला. दुकानातल्या कप्पीक वाळू चिकटान येता काय?"

"मगे लायलंस कित्याक?"

"तुमी केलास म्हणान."

गोळ्याचा राहिलेला तुकडा त्याच्या हातात दिला, म्हटलं, ओढ. पापुद्रा सुटून त्याच्या बोटांत राहिला. हसू गेलं. पाना घेऊन त्याने कप्पी उतरवली आणि होडी आज धक्क्यालाच ठेवली. जेवताना माझ्याशी बोलला नाही. यशोदा विचारते, काय झालं? मी म्हटलं, भात वाढ.

तू त्याला फोन करून विचार, नवी कप्पी आणली काय. माझं नाव काढू नको.

आणि मशीनवर हा तुकडा मजबूत निघाला, तर मला कळवू नकोस. मी पुन्हा करीन.

तुझ्या बापाचा बाप,
भाई