फळीची जीभ

सोमवार, ४ मार्च

नाही देणार सही. नाही म्हणजे नाही!

काका आज कागद तयार करूनच ऑफिसात आले. "काही विशेष नाही गं, दादाला आता कामकाज समजत नाही, एवढंच लिहिलंय. मुलगी म्हणून तुझी सही लागते." म्हणजे एजन्सीवरून अप्पांचं नाव उतरवायचं आणि दारावरची पाटी बदलायची. सगळं आयुष्य बाहेरून आलेला माल कस्टम्समधून सोडवण्यात गेलं त्या माणसाचं, आणि म्हणे समजत नाही!

अर्धांगाच्या झटक्यानं अप्पांची वाचा गेली, डोकं गेलेलं नाही. हे मला माहीत आहे. कसं माहीत आहे ते विचारू नये. डॉक्टरांनी विचारलं, "आज वार कोणता?" तर अप्पांनी डोळे मिटून घेतले. कुणी काही विचारलं की डोळे मिटतात. काका म्हणाले, "तुझी माया बोलतेय." बोलू दे की! कुणीतरी बोलायलाच हवं.

मंगळवार, ५ मार्च

आणि वर हे! लाकडी फ्लोअरिंगचा कंटेनर अडकला.

आम्ही लिहिलं होतं, जमिनीवर बसवायच्या तयार फळ्या. कस्टम्सचे साहेब म्हणतात, प्लायवूड. प्लायवूडच्या सदराला ड्यूटी चढी, त्यामुळे व्यापारी फोनवर माझ्याच अंगावर ओरडतोय, जसं काही ते झाड मीच लावलं होतं. साहेबांनी लॅबचा रिपोर्ट सरकवला: वर ओकचा पातळ थर, खाली साध्या लाकडाचे थर, कडा सपाट. "फ्लोअरिंग असतं तर एका कडेला जीभ असती, दुसऱ्या कडेला खाच. एकीची जीभ दुसरीच्या खाचेत बसते. इथे कुठंय?"

मी म्हटलं, पॉलिश बघा ना साहेब, प्लायवूडला कुणी असं पॉलिश करतं का? "हौसेला मोल नसतं," म्हणाले आणि चहा मागवला. स्वतःपुरता.

लॅबमध्ये उरलेला तुकडा मागून घरी आणला. तळहाताएवढा आहे. कडा खरंच सपाट.

गुरुवार, ७ मार्च

व्यापाऱ्याला विचारलं, तुम्ही माल पाहिलाय? "मी कुठला पाहतोय! फोटोवरून घेतला. त्यांनीच मला टोपी घातली असेल." आता तोही ढिला पडला. ड्यूटी भरून मोकळं व्हायचं म्हणतोय. काका तर आधीपासूनच तेच म्हणतायत. "साहेबांशी वाकडं घेऊन धंदा होत नाही. जीभ आवर जरा."

लहानपणापासून हेच ऐकतेय. शाळेत बाई म्हणायच्या, सासरी सासूबाई म्हणायच्या. सासर सुटलं, ते वाक्य काही सुटलं नाही. एकट्या अप्पांनी कधी म्हटलं नाही.

सुनावणी मागितली आहे. कशाच्या जोरावर, देव जाणे.

रविवार, १० मार्च

आजचा दिवस नको होता.

काका घरी आले. अप्पा खिडकीपाशी खुर्चीत. मांडीवर तो लाकडाचा तुकडा. चांगला हात चाळवायला काहीतरी लागतं म्हणून मीच दिला होता. काका समोरच्या खुर्चीत बसले आणि बहिऱ्याशी बोलावं तसे मोठ्यांदा, "दादाऽ, मी कोण? ओळखलंस का मलाऽ?"

आणि अप्पांनी जीभ काढली. चांगली लांब, हनुवटीपर्यंत!

काका हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. डोळे पुसत म्हणाले, "लहान मूल झालाय गं माझा दादा." आई उठून आत गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तरी म्हटलंच, "सही मिळणार नाही." काका थकल्यासारखे म्हणाले, "त्याला कळतं हे एकदा दाखव मला. एकदाच. पाटीला जन्मात हात लावणार नाही. नाहीतर पुढच्या आठवड्यात सही कर, माझे आई."

दाखवते! असं म्हणून बसलेय. काय दाखवू? ती जीभ?

सोमवार, ११ मार्च

जीभ!!

अगं मूर्ख बाई! मांडीवर फळी आणि तोंडातून जीभ! अजून किती स्पष्ट सांगायचं त्या माणसानं?

मंगळवार, १२ मार्च

सकाळीच गोदाम गाठलं. ज्यानं नमुना काढला त्याला विचारलं, फळी कापलीस तर नक्की कुठून? म्हणाला, "मधून, ताई. कडेच्या पट्ट्या काढून टाकल्या. पिशवीत मावायला नको?"

पिशवीत मावायला! म्हणजे जीभ आणि खाच दोन्ही केरात, आणि मधला तुकडा लॅबमध्ये. लॅबनं लिहिलं कडा सपाट, साहेबांनी वाचलं कडा सपाट. मीही तो तुकडा उलटासुलटा करून कडा सपाटच बघितल्या! करवतीची कड आहे हे दिसलं नाही. आम्हा लोकांना आख्खा माल बघायची सवयच राहिलेली नाही. तुकडा बघायचा आणि भांडायचं.

अप्पा खुर्चीत बसून जे ओळखतात ते आम्हाला उभ्यानं कळत नाही. काकांना अजून बोलले नाही. आधी जिंकते.

शुक्रवार, १५ मार्च

सुनावणी. साहेब म्हणाले, एकदा घेतलेला नमुना तोच ग्राह्य, पुन्हा कंटेनर उघडता येणार नाही.

मी उभी राहिले. आवाज चढला, चढू दिला. "साहेब, आधी जीभ कापायची आणि मग म्हणायचं हिला जीभच नाही — हा कुठला न्याय?" कोपऱ्यातला टायपिस्ट फिसकन हसला. काका माझ्या शेजारी छताकडे बघत होते.

साहेब मात्र, खोटं कशाला लिहू, माझ्याबरोबर गोदामात आले. सील तोडलं. दोन आख्ख्या फळ्या जमिनीवर ठेवल्या. स्वतःच वाकून एक दुसरीत सरकवली. टक्! नखसुद्धा शिरणार नाही असा सांधा. बुटानं दाबून बघितली, पुन्हा दाबली. मला वाटतं त्यांना मजा येत होती.

फ्लोअरिंग!! तिथेच लिहून दिलं.

बाहेर आल्यावर काकांना सांगितलं, हे मला कुणी दाखवलं ते. आधी कळलंच नाही त्यांना. मग कळलं. तिथेच पायरीवर बसले. "आणि मी त्याला लहान मूल म्हटलं," म्हणाले. खिशातला तो कागद काढून फाडला. रस्ता ओलांडताना म्हणाले, पाटी फार मळलीये, पुसून घ्यायला हवी.

रविवार, १७ मार्च

काका येऊन अप्पांपाशी तासभर बसून गेले. कामाच्या गप्पा सांगत होते, हळू आवाजात.

ते गेल्यावर मी अप्पांच्या कानाशी वाकले. "अप्पा, त्या दिवशी फळीची जीभ सांगत होता ना?"

अप्पांनी डोळे मिटले नाहीत. माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. स्पष्ट. नाही!

"मग?"

काकांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, आणि जीभ काढली. खांदे गदगदा हलत होते. हसत होते अप्पा!

वेडावत होते. धाकट्या भावाला. बस्स! जीभ मीच चुकीच्या सदरात टाकली होती.

काकांना सांगणार नाही. मेले तरी नाही. मीही त्या खुर्चीकडे बघून जीभ काढली. आई दारात उभी होती.