कपाळावरचा क्रूस

४ नोव्हेंबर
चौसष्टाव्या वर्षी मला नोकरी लागली! मुलगा सॅव्हियो हसला; हसू दे. काशीमीऱ्याच्या गोदामांमागे वासरांची संशोधन-शेड आहे, तिथले अहवाल शुद्ध इंग्रजीत लिहायचे. डॉक्टर अभिनवचं इंग्रजी वाचून मला त्याच्या शिक्षकांची कीव आली. शेड मात्र आमच्या उत्तनच्या घराहून स्वच्छ. बूट औषधात बुडवायचे, हातमोजे घालायचे, बाहेरचं काही आत न्यायचं नाही. वासरांना नावं नाहीत, कानात आकडे. चौदा नंबरची नजर थेट माझ्या गेलेल्या नवऱ्याची, कायम काहीतरी विसरल्यासारखी. मी त्याला गॅब्रियल म्हणते.

७ नोव्हेंबर
आज कळलं काय चालतं ते. गॅब्रियलला सुया टोचून त्याच्या रक्तातल्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी संपवल्यात. आता त्याला फुफ्फुसाचा आजार देणार. तो वाचला नाही, तर त्याच पेशी वासरांना वाचवतात हे सिद्ध. मी विचारलं, पहारेकरी कामाचा होता का हे बघायला त्याला हाकलून चोरांना बोलवायचं? डॉक्टर म्हणाला, अगदी बरोबर समजलात मॅडम, यातूनच लस होईल. निर्लज्ज.

घरी वेगळंच. सून लिनेटचं बाळ वेळेआधी आलेलं, अंगात अजून ताकद नाही, म्हणून त्याला फार कोणी हात लावायचा नाही म्हणे. आजी म्हणजे कोणी परकी का? संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर मी त्याच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढतेच. आमच्या घरात प्रत्येक पोराच्या कपाळावर निघालाय.

११ नोव्हेंबर
उद्या आजार देणार. चर्चच्या दारातल्या पात्रातलं पवित्र पाणी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत भरून नेलं. शेडमधला गडी चंदन चारा आणायला गेल्यावर हातमोजा काढला. रबराने कोणी आशीर्वाद देतं का? गॅब्रियलच्या कपाळावर ओला क्रूस काढला. त्याने माझा अंगठा बराच वेळ चाटला.

१२ नोव्हेंबर
आजार द्यायचं पुढे ढकललं, कसलंसं यंत्र बिघडलं. पाणी लागू पडलं म्हणायचं.

१७ नोव्हेंबर
गॅब्रियलच्या कपाळावरचे केस गळलेत. खाली पांढरी खपली. बुरशी. एक रेघ उभी, एक आडवी.

डॉक्टरला पाण्याचं सांगितलं. वाटलं, ओरडेल. तो गव्हाणीच्या कडेवर बसला. म्हणाला, "त्या पात्रात अख्खं गाव बोटं बुडवतं, मॅडम. तुम्हाआम्हाला काही होत नाही. याच्याकडे पहारेकरीच नाहीत."

ओरडला असता तर बरं झालं असतं.

२० नोव्हेंबर
आडवी रेघ डोळ्यांवर आली. उभी नाकपुडीत. श्वास घरघरतो. आज हातमोजा घालून गेले. त्याने अंगठा शोधला, रबर हुंगलं, तोंड फिरवलं.

२२ नोव्हेंबर
गेला.

अहवालात गॅब्रियल लिहिलं. डॉक्टरने खोडून चौदा केलं. माझ्याकडे न बघता.

२३ नोव्हेंबर
अंगठा खाजतोय — पाण्याने सुरकुतला असेल म्हणत होते. चष्मा लावून पाहिलं. गोल, पांढरं, कडेला खपली. त्याने चाटलं तिथेच. कधीपासून —

रोज संध्याकाळी मी — कालसुद्धा —

लिनेट आतून विचारतेय, ममा, तुम्ही बाळाच्या कपाळाला पावडर लावली का. पुसली तरी जात नाही. एक रेघ उभी आणि एक —