काय म्हणालात?

३ जून
आज तिसऱ्यांदा म्हटलं, "काय म्हणालात? ऐकू नाही आलं."
ऐकू आलं होतं! ह्यांना पाणी हवं होतं. पार्किन्सन्स झाल्यापासून ओठ धड मिटत नाहीत, 'पाणी'चं 'फाणी' होतं, तेही पुटपुटल्यासारखं. पण चाळीस वर्षं एका घरात काढल्यावर कळतं की! मी चष्मा पुसत बसले. चौथ्यांदा हे ओरडले, तेव्हा दिलं. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

५ जून
म्हणतात, मीच बहिरी झालेय! स्वतःचा आवाज ह्यांना अजून ठणठणीत वाटतो. असू दे. बहिरी तर बहिरी.

९ जून
कारण लिहून ठेवते, म्हणजे कधी दया आलीच तर वाचता येईल.
हे शाळेत कवायतीचे मास्तर. "सावधान!" म्हटलं की मैदानाच्या टोकाची रांगसुद्धा ताठ. त्याच शाळेच्या कार्यक्रमात मला आभार मानायला उभं केलं होतं. आठ दिवस घोकलं होतं मी. दुसऱ्याच वाक्याला शेवटच्या रांगेतून ह्यांचा आवाज — "तोंडात काय धरलंयस? ऐकू येत नाही!" सगळं सभागृह खो खो हसलं. मी खाली बसले. त्यानंतर चार माणसांत बोलले नाही. एकतीस वर्षं झाली.
आज मीही विचारलं, "तोंडात काय धरलंय?" मान खाली गेली. आठवलं असणार. आठवू दे!

१४ जून
स्पीच थेरपिस्टकडे नेलं. चुणचुणीत मुलगी. लांबलचक "आ—" म्हणायला लावते, टेबलावर आवाज मोजायचं यंत्र. ह्यांचा आकडा अठ्ठावन्न, हवा बहात्तर. रोज घरी सराव करून घ्या म्हणाली. हो म्हटलं. घेतेय माझी बला!

१९ जुलै
एकाहत्तर!
थेरपिस्ट खूश. "घरी काय करता?" हे म्हणाले, "हिला ऐकू येत नाही. सारखं ओरडावं लागतं." तर ती माझा हात धरून म्हणते, "काकू, हेच तर औषध! तुम्हीच सुधारलंत ह्यांना."
मी! म्हणजे महिनाभर ज्याला सूड म्हणत होते, ते ह्यांच्या अंगी लागलं!

२० जुलै
आता बघाच. आजपासून माझे कान तिखट! ओठ हलायच्या आत पाणी हजर. चष्मा, गोळ्या, पेपर — मागायचं कामच नाही. शेजारीण म्हणते, "किती हो करता त्यांचं!"
करतेच मुळी.

२ ऑगस्ट
साठ. थेरपिस्टला काही उमगेना. मला उमगतंय.

८ ऑगस्ट
आता तोंडच उघडत नाहीत. आल्यागेल्याला मीच सांगते, ह्यांना काय म्हणायचंय ते. घर कसं चिडीचूप. हेच हवं होतं ना मला?
९ जूनचं पान काढून वाचलं. दोनदा वाचावं लागलं.

११ ऑगस्ट
सकाळी पेला पुढे केला. घेतला नाही. खुर्चीला धरून उभे राहिले, छातीभर श्वास घेतला.
"तुला ऐकू येतं. मला पहिल्यापासून ठाऊक होतं." 'प' अगदी ओठ मिटून! पुन्हा श्वास. "त्या दिवशी मलाही ऐकू येत होतं. शेवटच्या रांगेत. शब्द न् शब्द." मग थांबले. "आता परत बहिरी हो."
मी पेला खाली ठेवला.
"काय म्हणालात? ऐकू नाही आलं."