पडद्याखालची ओळ

मोक्रान,

'प्रिय' लिहायला हात वळला नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलंय.

काल आईला घेऊन ओरान शहरात गेले, तुझा सिनेमा पाहिला. तू यायचं का टाळलंस ते लगेच कळलं. पडद्यावर आई आपल्या कबायली बोलीत स्वच्छ म्हणाली, "तुझ्या बापाला माझ्या सख्ख्या भावानं फ्रेंचांच्या ताब्यात दिलं." खाली अरबीत ओळ आली, "त्याला फ्रेंचांनी घरातून उचलून नेलं." वा रे पठ्ठ्या! मामाच्या पैशानं शिकलास, म्हणून आईची जीभ कापलीस?

'भाषांतरात थोडं इकडंतिकडं होतं, ताई,' असं म्हणशील. शाळेत अरबी शिकवते मी, मला शिकवू नकोस. स्वातंत्र्ययुद्धापासून चाळीस वर्षं ते वाक्य तिनं गिळलं होतं. कॅमेऱ्यामागे पोटचा पोरगा होता, म्हणून बोलली ती.

थिएटरात आपली बोली कुणाला येत नव्हती, आणि आईला वाचता येत नाही. दिवे लागले, लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. आईनं माझा हात घट्ट धरला. म्हणाली, "बघ, तसादित, उगाच भीत होते मी. सगळ्यांनी ऐकलं, आणि कुणी मला वाईट म्हटलं नाही."

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. टाकलं तर तू धावत येशील, तिच्या पायाशी बसून रडशील, आणि तिला कळेल की कुणीच काही ऐकलं नाही.

तुझी नव्हे, तिची,
तसादित